शहानिशा आपलं काम नाही : मुलांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा छळ कसा ओळखायचा, कुठे कळवायचा

शाळेत एखादी मुलगी बाईंना काहीतरी सांगते. बाई मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापक म्हणतात, "आधी शहानिशा करू." मग मुलीला ऑफिसात बोलावून पुन्हा विचारतात, समोर तीन-चार मोठी माणसं बसलेली असतात. ज्याच्याबद्दल ती बोलली त्यालाही बोलावतात, तो नाही म्हणतो. संस्थाचालक गावाला गेलेले असतात, म्हणून विषय सोमवारवर जातो. सोमवारी मुलगी म्हणते, "तसं काही झालं नव्हतं."

बहुतेक प्रकरणं इथेच बिघडतात. यात कुणाचा हेतू वाईट असतोच असं नाही. उगाच कुणाचं नाव खराब होऊ नये, एवढंच लोकांच्या मनात असतं. पण शहानिशा करणं हे पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे. त्यासाठी त्यांना अधिकार आहेत, पद्धत आहे, प्रशिक्षण आहे. आपण ती करायला गेलो की तीन गोष्टी होतात : मूल घाबरून बोलणं थांबवतं, करणारा सावध होतो आणि पुरावा जातो. आपलं काम त्याहून बरंच लहान आहे. ऐकायचं, लिहून ठेवायचं, कळवायचं.

मुलांच्या बाबतीत हा सल्ला नाही, कायदा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील कुणीही, मुलगा असो वा मुलगी. कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडेल अशी भीती वाटत असेल किंवा घडल्याचं समजलं असेल, तर प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. "पुरावा असेल तर" असं त्यात कुठेही नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि चांगल्या हेतूने कळवलं, पण पुढे ते सिद्ध झालं नाही, तर? कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. शिक्षा आहे ती कुणाला अडकवायला जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला, आणि तीही मुलाला कधीच नाही.

हे कागदापुरतं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण उघडकीस आलं. कळूनही पोलिसांना सांगितलं नाही असा आरोप मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वेळेवर कळवणं हाच या कायद्याचा कणा आहे, अशा अर्थाचं सुनावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, तेव्हाही मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन हाच प्रश्न धसाला लावला : शाळेने कळवलं का नाही, आणि गुन्हा नोंदवायला एवढा उशीर का झाला.

अत्याचार म्हणजे नेमकं काय, यावरही घोळ असतो. फक्त बलात्कार नव्हे. लैंगिक हेतूने केलेला कुठलाही स्पर्श, मुलाला कपडे काढायला लावणं, त्याच्यासमोर स्वतःचे काढणं, अश्लील व्हिडिओ दाखवणं, मोबाइलवरून मागे लागणं, हे सगळं त्यात येतं. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोतल्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही असं म्हटलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड होतं की नव्हतं हे नाही.

खुणा : काय दिसतं, काय फसवतं

सगळ्यात आधी एक कटू गोष्ट. लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा अंगावर काहीच दिसत नाही. नाजूक भागाच्या जखमा चटकन भरतात आणि बऱ्याचदा मुळात जखम झालेलीच नसते. म्हणून "डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल आहे" याचा अर्थ काही घडलंच नाही, असा होत नाही. मूल काय बोलतं, हाच बहुधा सगळ्यात मोठा पुरावा असतो. त्याला जपून हाताळायचं ते त्यामुळेच.

वागण्यातला अचानक बदल पाहायचा. गादी ओली करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं. एका ठरावीक माणसाकडे, क्लासला किंवा रिक्षात जायचं म्हटलं की पोट दुखतं. वयाला न शोभणाऱ्या लैंगिक गोष्टी खेळात किंवा चित्रात येतात. कुठून आले हे न सांगता येणारे पैसे, खाऊ, मोबाइल दिसतात. मोठं मूल घरातून पळतं किंवा हातावर ब्लेडने कापून घेतं. यातली एकेक खूण दहा कारणांनी येऊ शकते, नवं भावंड झालं तरी मूल गादी ओली करतं. पण दोन-तीन एकत्र आल्या आणि त्या एकाच माणसाभोवती किंवा एकाच जागेभोवती फिरत असतील, तर दुर्लक्ष करू नका.

करणारा बहुधा परका नसतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांपैकी साधारण निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. अशा माणसाची रीत ठरलेली असते. आधी घरच्यांचा विश्वास, मग मुलाला खास वागणूक, मग लहानसं गुपित, "आईला सांगू नकोस हं, ओरडेल." गुपित टिकलं की तो पुढचं पाऊल टाकतो. म्हणून मोठ्या माणसाने लहान मुलाला गुपित ठेवायला सांगणं, ही एकच गोष्टही मला पुरेशी गंभीर वाटते.

मारहाणीच्या खुणा वेगळ्या. खेळणारं मूल पडतं तेव्हा गुडघा, नडगी, कोपर, कपाळ असं हाडावरच लागतं. कान, मान, गालाचा मऊ भाग, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू, कुल्ले इथे काळंनिळं दिसलं तर थांबून पाहा. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर वळ किंवा काळंनिळं असेल तर ते "खेळताना" लागलेलं नसतं. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर शिंतोडे उडतात, भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात. दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे एका रेषेपर्यंत भाजले असतील, तर ते पाण्यात बुडवून धरलेले असू शकतात. सांगितलेली गोष्ट जखमेशी जुळत नाही, दर वेळी बदलते किंवा दवाखान्यात आणायला दोन दिवस लागले, हीही खूणच.

दोन गोष्टी फसवतात. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो, तो मार नव्हे. त्याच्या कडा धूसर असतात, दाबून दुखत नाही आणि आठवडाभरात रंग बदलत नाही. दुसरं, "हिरवट आहे म्हणजे चार दिवसांपूर्वीचं" असं रंगावरून वय ठरवणं डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही. आपण त्या फंदात पडूच नये. आणि इजा करणाऱ्याच्या मनात नेहमी द्वेष असतोच असंही नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागतात, ते बरं व्हावं म्हणून. तरीही बाळ भाजलेलंच असतं, त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं असतं आणि आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला कळवायचंच असतं.

मूल सांगायला लागलं की

ते ठरवून, सलग सांगत नाही. डबा खाताना, झोपताना, रिक्षातून येताना एखादं वाक्य टाकतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहतं. चेहरा शांत ठेवा. रडू नका, ओरडू नका, "त्याला सोडणार नाही" म्हणू नका. तो माणूस कदाचित मुलाचा लाडका काका असतो, आणि आपल्यामुळे त्याचं वाईट होणार म्हटलं की मूल गप्प होतं.

विचारायचे प्रश्न एवढेच : "काय झालं?", "मग?", "अजून काही सांगायचंय?" एवढ्यावर थांबायचं. "काकांनी तुला हात लावला का? इथे लावला का?" असे, उत्तर आत दडलेले प्रश्न चुकूनही नकोत. लहान मूल मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणतं. पुढे कोर्टात आरोपीचा वकील नेमकं हेच धरतो की मुलीला हे आईने शिकवलं. "तू आधी का नाही सांगितलंस?" हाही प्रश्न नको, त्यात दोष मुलाकडे जातो. अवयवांना मूल जे नाव घेतं तेच राहू द्या, सुधारू नका.

म्हणायचं काय? "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. मी आता अशा माणसांना सांगणार आहे, ज्यांचं कामच मदत करणं आहे." कुणालाही सांगणार नाही, असं वचन देऊ नका. ते मोडावं लागणारच आहे.

मग लगेच, त्याच दिवशी, लिहून काढा. नोंद अशी असावी :

"मंगळवार, दुपारी १२.४०, दुसरी अ चा वर्ग. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. मी विचारलं, 'काय झालं?' ती म्हणाली, 'मला व्हॅनमधून नाही जायचं.' मी : 'मग?' ती : 'ते दादा शेवटी मलाच ठेवतात आणि खेळ खेळायला सांगतात, मला नाही आवडत.' नंतर गप्प बसली. मी पुढे विचारलं नाही."

बघा, यात "लैंगिक छळ झाल्याचे दिसते" असं कुठेही नाही. मुलाचे शब्द अवतरणात, आपले प्रश्नही जसेच्या तसे, वेळ आणि जागा, खाली सही. मत लिहायचं नाही. रेकॉर्डिंग करायला मोबाइल पुढे धरायचा नाही. लहानमोठ्या सगळ्यांसमोर पुन्हा वदवून घ्यायचं नाही. ज्याच्याबद्दल ते बोललं त्याला जाब विचारायचा नाही. आणि त्या दिवशी मुलाला त्या व्हॅनमधून घरी पाठवायचं नाही.

कळवायचं कुठे

धोका आत्ताचा असेल तर ११२, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक. नाहीतर १०९८, चाइल्डलाइन. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवतं आणि ती ११२ शी जोडलेली आहे. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, आपलं नाव न सांगताही माहिती देता येते. मूल स्वतःही फोन करू शकतं. फोन करताना मूल आत्ता कुठे आहे, संशयित त्याच घरात आहे का, आज रात्री ते कुठे झोपणार आहे, हे आधी सांगा. बाकीचं ते विचारतात. पण लैंगिक गुन्ह्यात कायद्याने कळवायचं ते पोलिसांना, त्यामुळे शाळा, दवाखाना, वसतिगृह यांनी फोनवर न थांबता लेखी पत्र ठाण्यात द्यावं आणि पोच घ्यावी. गावात पोलीस पाटलांना सोबत न्या, पण बैठक बसवू नका.

ठाण्यात अडतं ते असं. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर मागा. कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याला पाठवायचा असतो. "सध्या एनसी करून घेतो" म्हटलं तर नाही म्हणा. एनसी ही नुसती नोंद, ती अदखलपात्र गुन्ह्यांसाठी, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्यांसाठी असते, आणि पॉक्सोतले अत्याचाराचे गुन्हे दखलपात्र आहेत. सांगितलेली माहिती लेखी घेऊन, क्रमांक घालून, वाचून दाखवायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस आयुक्तांना टपालाने पाठवा, आणि मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवा.

मुलाला ठाण्यात नेलंच पाहिजे असं नाही. त्याचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, आईवडील किंवा विश्वासाचं माणूस सोबत असताना. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. २४ तासांत पोलिसांनी बालकल्याण समिती आणि विशेष न्यायालय दोघांनाही कळवायचं असतं. पुष्कळ आया या समितीच्या नावानेच घाबरतात की पोर उचलून बालगृहात टाकतील. तसं सरसकट होत नाही. करणारा त्याच घरात राहत असेल किंवा घरात मुलाला धोका असेल, तर समिती तीन दिवसांत ठरवते की मूल तिथे सुरक्षित राहील का. ती एक साहाय्यक व्यक्तीही देते, जी जबाबापासून निकालापर्यंत मुलासोबत असते. ही व्यक्ती मागून घ्या. तारखा, कोर्टातली खोली, पडद्याआडून साक्ष, भरपाईचा अर्ज, हे एकट्या आईला पेलत नाही.

दवाखान्याचं वेगळं. इथे तासांचा हिशेब असतो. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. काढलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, कारण ओलावा राहून पुरावा खराब होतो. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. वयात आलेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही तशीच. तातडीच्या उपचारासाठी एफआयआर किंवा पोलिसांचं पत्र मागता येत नाही. सरकारी असो की खासगी, प्रथमोपचार आणि उपचार फुकट द्यायचे असतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत बोटं घालून करायची तपासणी, बंद आहे, कुणी करू म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

पुढचा दबाव बाहेरून कमी, घरातून जास्त येतो. "पैसे घेऊन मिटवा", "पोरीचं लग्न व्हायचंय." पॉक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका प्रकरणात तडजोडीवरून रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला. आणि मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली यातलं काहीही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, निषेध म्हणूनही नाही. अत्याचाराचा व्हिडिओ आला तर "सावध करायला" पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता करता येते.

गोव्यातल्या वाचकांसाठी : तिथे पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी, २००३ मध्येच बाल कायदा झाला आणि पणजीत स्वतंत्र बाल न्यायालय आहे.

आजी-आजोबा आणि अपंग माणसं

इथे एक मोठा फरक आहे. मुलाच्या बाबतीत कळवायचं की नाही हा पर्यायच नसतो. शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसाची मात्र इच्छा विचारावी लागते. बऱ्याच आजी म्हणतात, "लेक आहे माझा, पोलीस नकोत." तेव्हा मध्ये पर्याय आहेत हे त्यांना माहीत असायला हवं. जिवाला धोका असेल तर मात्र ११२.

खुणा अंगापेक्षा व्यवहारात जास्त दिसतात. पेन्शन जमा होते त्याच दिवशी पूर्ण निघते आणि एटीएम कार्ड दुसऱ्याकडे असतं. अंगठ्यावर शाई दिसते, पण कशावर अंगठा दिला ते सांगता येत नाही. चष्मा फुटून सहा महिने झाले, कवळी "हरवली", कानाचं मशीन काढून घेतलंय. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख जुनी आणि गोळ्या तेवढ्याच. दाराला बाहेरून कडी. फोन नेहमी स्पीकरवर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर खोल जखम, दंडांवर बोटांच्या खुणा. हाताच्या पंजामागे आणि कोपराखाली मात्र म्हातारपणी त्वचा पातळ झाल्याने, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी, नुसतं टेकलं तरी काळंनिळं होतं, त्यावरून लगेच निष्कर्ष नको. स्मृतिभ्रंशात "माझे पैसे चोरले" असं माणूस खरोखर म्हणतो. पण स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचे पैसे चोरायलाच सोपे असतात, त्यामुळे पासबुक एकदा पाहिलं जावं.

बोलायचं ते एकट्याशी. सून चहा करायला आत गेली की दोन मिनिटं मिळतात, नाहीतर दवाखान्यात तपासणीच्या पडद्याआड. "घरी कुणाची भीती वाटते का, आजी?" एवढं पुरतं. इथेही लेकाला बोलावून समोरासमोर करायला जाऊ नका. तुम्ही निघून जाता, आजी तिथेच राहते.

१४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ चालते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहाचा, म्हणजे मुलांकडून दरमहा खर्च मिळण्याचा, अर्ज करता येतो. त्याला वकील लागत नाही, आणि स्वतःला जमत नसेल तर नेमून दिलेलं माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्णय ९० दिवसांत अपेक्षित आहे, कायद्यातली कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये. बेवारस टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर मुलाच्या नावावर केलं आणि तो सांभाळत नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण "सांभाळ करील" ही अट दस्तात लिहिलेली असेल तर काम सोपं, नसेल तर वाद लांबतो. बक्षीसपत्र करायला निघालेल्या प्रत्येक आईवडिलांनी ते एक वाक्य घालून घ्यावं. सून किंवा मुलगा मारत असेल तर आईला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही दाद मागता येते, १८१ या महिला मदतवाहिनीवर त्याची माहिती मिळते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ७ फारसं कुणी वापरत नाही. त्याखाली कुणीही माणूस, शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना म्हणजे बहुधा तहसीलदारांना लेखी कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही. अर्जात व्यक्तीला बोलता, ऐकता येतं का आणि खुणांची भाषा जाणणारं कुणी लागेल का, हे जरूर लिहा. नाहीतर चौकशीला आलेले लोक घरच्यांशीच बोलून परत जातात.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करा. आजींशीच बोलायचंय म्हणा. झोपल्यात असं सांगितलं तर संध्याकाळी पुन्हा करा, आणि तेव्हाही झोपल्यात म्हणाले तर १४५६७ किंवा ११२ ला कळवा की दिवसभरात त्यांचा आवाज ऐकायला मिळालेला नाही.